आधी तो लाल दिवा काढा

बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत, माझं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान आहे. संक्रांत झाली की शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींची गर्दी सुरू होते. हातात मोबाइल, मोबाइलवर यादी आणि यादीच्या डोक्यावर प्रोजेक्टचं नाव. त्या नावांत गेली कित्येक वर्षं एक नाव हमखास असतं : वायरलेस सेन्सर नेटवर्कमध्ये ऊर्जा वाचवणारं क्लस्टरिंग. कधी त्याला ‘सुधारित’ चिकटतं, कधी सुधारितचंही सुधारित. यादी मात्र ठरलेली. ईएसपीचे चार बोर्ड, तापमान-आर्द्रतेचे चार सेन्सर, जंपर वायरींचा गठ्ठा आणि शेवटी, ‘काका, सेल जरा स्वस्तातले द्या.’

मी बोर्ड काउंटरवर ठेवून सेल लावून दाखवतो. कोपऱ्यातला बारका लाल एलईडी पेटतो आणि पोरं खूश होतात. मी विचारतो, ‘हा दिवा रात्रंदिवस जळणार. मग ऊर्जा वाचवताय ती कुठली?’ बहुतेक जण हसून पैसे देतात. एखादी मुलगी विचारते, ‘तो काढता येतो का?’ तिला मी सोल्डरिंग गन हातात देतो आणि चहा सांगतो.

मी डिप्लोमावाला माणूस. पण पोरं पेपर घेऊन येतात, छपाई दुकानात विसरून जातात, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ते वाचतो. वाचून आणि हाताळून माझं एक मत झालंय. या विषयातली मूळ कल्पना अस्सल आहे. आपल्या डोंगरांना तिची गरज आहे, तीही ऐन पावसाळ्यात. आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी ती अशा वेळापत्रकात बसवली आहे की तिच्यावर पावसाचा एक थेंब पडू नये.

कल्पना आधी सांगतो. एखाद्या उतारावर शंभर छोटी यंत्रं पेरलीत असं धरा. प्रत्येकात एक सेन्सर, एक चिप, एक रेडिओ आणि दोन पेन्सिल सेल. यांना म्हणायचं नोड. प्रत्येक नोडनं आपलं माप लांबच्या केंद्राला कळवायचं. या धंद्यातला पहिला धडा असा की आकडेमोड स्वस्त आणि बोलणं महाग. पॉटी आणि कायझर यांनी २००० साली मांडलेला हिशोब आजही सांगतात : एक किलोबिट माहिती शंभर मीटरवर पाठवायला जी ऊर्जा लागते, तेवढ्यात साधा प्रोसेसर तीस लाख आज्ञा पार पाडतो. मग शंभर जणांनी लांबवर ओरडावं कशाला? पाच जणांना गटप्रमुख करा. बाकीच्यांनी जवळच्या प्रमुखाला सांगावं, प्रमुखानं सगळ्यांचं गोळा करून, आटवून, एकच निरोप पुढे धाडावा.

पण मग प्रमुखाचे सेल आधी संपणार. यावर एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी जानेवारी २००० मध्ये तोडगा मांडला. त्याचं नाव लीच. (यातले बालकृष्णन आपल्या आयआयटी मद्रासचे.) तोडगा आपल्या भिशीसारखा आहे. ज्याचं नाव एकदा निघालं, त्याची चिठ्ठी फेरी पुरी होईपर्यंत पुन्हा डब्यात पडत नाही. शंभर नोड आणि पाच टक्के प्रमुख धरले तर वीस फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकदा येते. फरक असा की भिशीत नाव निघालेला पैसे घेऊन घरी जातो, इथे तो खर्चात पडतो. शिवाय चिठ्ठी काढायला कुणी वरचा लागत नाही. प्रत्येक नोड स्वतःशीच शून्य ते एकमधला एक आकडा काढतो, तो ठरलेल्या मर्यादेखाली आला तर ‘या फेरीचा प्रमुख मी’ असं जाहीर करतो, आणि जसजशा फेऱ्या सरतात तसतशी उरलेल्यांसाठी ती मर्यादा वर सरकत जाते. जुन्या पद्धतींपेक्षा आठपटीपर्यंत ऊर्जा वाचते, असा त्यांचा दावा होता. धरलेल्या गृहीतकांत तो खराही होता.

मला तो पेपर आवडतो. अवघड गोष्ट सोपी केली, आणि कुठलाही वरिष्ठ न नेमता ओझं वाटून दिलं. गडबड पुढे झाली.

लीचला पोरंबाळं फार झाली. मूळ लीच सेलमध्ये किती जीव उरलाय ते बघत नाही, म्हणून ते बघणाऱ्या पद्धती आल्या. पर्ड्यू विद्यापीठातून २००४ साली आलेली हीड ही त्यातली नावाजलेली. इथवर ठीक. मग प्रमुख निवडायला मुंग्यांची वसाहत आली, मधमाश्या आल्या, काजवे आले, करडा लांडगा आला, देवमासाही आला. ही सगळी खरोखरच गणिती पद्धतींची नावं आहेत, मी थट्टा करत नाही. प्रत्येकाचा आलेख सारखाच : आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्या अक्षावर जिवंत नोड, आणि आमची रेघ मागच्या पेपरच्या रेघेपेक्षा जरा उजवीकडे. हे सगळं संगणकावर, मॅटलॅबमध्ये. माझ्याकडचे चार बोर्ड घेतले जातात ते व्हायव्हाच्या टेबलावर ठेवायला, कारण एक्स्टर्नल विचारतात, ‘हार्डवेअर कुठाय?’

आता त्या आलेखांच्या पोटात काय आहे ते बघू. लीचच्या हिशोबात रेडिओचा खर्च दोन भागांत येतो. दर बिटामागे ५० नॅनोज्यूल सर्किट चालवायला, पाठवताना आणि घेताना दोन्हीकडे. त्याशिवाय पाठवणाऱ्याला अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, दर चौरस मीटरमागे १०० पिकोज्यूल. शंभर मीटरला ही दुसरी रक्कम १००० नॅनोज्यूल होते, म्हणजे पहिलीच्या वीसपट. या गणितात अंतर हाच सगळा खर्च. त्यामुळे जवळचा प्रमुख शोधणं हीच बचत.

मग डेटाशीट उघडा. संशोधनाच्या नोडांवर वर्षानुवर्षं वापरली गेलेली सीसी-२४२० ही रेडिओ चिप घ्या. पूर्ण जोर लावून पाठवताना ती १७.४ मिलिअँपिअर खाते. सगळ्यात कमी जोरावर ८.५. म्हणजे ओरडण्याऐवजी कुजबुजलं, तरी बिल फार तर निम्म्यावर येतं. आणि नुसतं कान देऊन बसलं तर? जवळपास १९. काहीही न बोलता ऐकत राहणं हे तिचं सगळ्यात महाग काम. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलात २५०० एमएएच धरा, आणि रेडिओ सतत उघडा ठेवा : साडेपाच दिवसांत सेल बसला. कुणाला प्रमुख केलं, कुणाला नाही, याचा काही संबंध नाही.

लीचच्या कर्त्यांना हे ठाऊक होतं, असं मला वाटतं. त्यांनी सभासद नोडांना बोलायच्या वेळा वाटून दिल्या होत्या, आपली वेळ नसेल तेव्हा रेडिओ बंद. माझ्या काउंटरवर येणाऱ्या ब्लॅक बुकांत, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालांत, मात्र ही वाटणी दोन ओळींत उरकलेली असते, आणि प्रमुखाच्या निवडीवर चाळीस पानं. खरं म्हणजे झोपायचं कधी आणि उठायचं कधी यावर २००२ पासून वेगळं आणि भरीव काम झालेलं आहे. एस-मॅक, बी-मॅक ही नावं पोरांना सांगितली की ती म्हणतात, ‘सिलॅबसमध्ये आहे काका, पण आमचा टॉपिक वेगळाय.’

त्याहून खालची पायरी बोर्डाची. ईएसपी-३२ ही चिप गाढ झोपेत दहा मायक्रोअँपिअरवर राहू शकते. निव्वळ भागाकार केला तर आपला पेन्सिल सेल तिला अठ्ठावीस वर्षं पुरेल. अर्थात त्याच्या कितीतरी आधी सेल स्वतःच म्हातारा होऊन मरेल. पण पोरं नुसती चिप घेत नाहीत, तयार बोर्ड घेतात. अशा कितीतरी स्वस्त बोर्डांवर एएमएस-१११७ नावाचा व्होल्टेज रेग्युलेटर बसवलेला असतो. त्याला काही काम नसतानाही तो स्वतःच्या पोटासाठी पाच मिलिअँपिअर घेतो. झोपलेल्या चिपच्या पाचशे पट. दिवसाला १२० एमएएच, म्हणजे तीन आठवड्यांत खेळ खलास. वर यूएसबीची चिप आणि तो लाल एलईडी. प्रमुख निवडायला देवमासा आणा नाहीतर ऐरावत, त्या रेग्युलेटरला कळतही नाही.

आणि सेल. बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल मिळतात. या आकाराचा उत्तम, नामवंत सेल फार तर ३५०० च्या आसपास भरतो. वरचा आकडा छापखान्यातून आलेला असतो. मी ते सेल ठेवत नाही. पोरं शेजारच्या बोळातून घेतात आणि सिम्युलेशनमध्ये लिहितात, ‘प्रारंभिक ऊर्जा : अर्धा ज्यूल.’ हा अर्धा ज्यूलही मूळ लीचच्या पेपरातून उचललेला. खऱ्या पेन्सिल सेलात हजारो ज्यूल असतात. लेखकांनी संगणकावर नोड लवकर मरावेत म्हणून लहान आकडा घेतला असणार, यात त्यांचं काही चुकलं नाही. पंचवीस वर्षांनी तोच आकडा डोळे मिटून उतरवणाऱ्यांचं काय करायचं?

नारायणगावकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे येतात. मला शेठ म्हणतात, मी त्यांना आप्पा. त्यांच्या बागेत कुणीतरी प्रकल्प म्हणून आठ-दहा नोड लावून दिले होते. पानांचा ओलेपणा मोजायचा, केवड्याचा धोका आधी कळवायचा. एक दिवस वैतागून मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘शेठ, हे म्हणतंय बाग कोरडी हाय. आन् वढ्याकडच्या चार ओळी केवड्यानं गेल्या.’ मी पाहिलं तर प्रमुख नोड सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा वर पाठवत होता. वरच्या बाजूची सगळी पानं सुकलेली, ओढ्याकडच्या खोलगट भागातली दहा वाजेपर्यंत ओली. सरासरी कोरडी. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं.

ही खोच मला फार महत्त्वाची वाटते. क्लस्टरिंगच्या बचतीचा मोठा वाटा या आटवण्यातून येतो. शेजारचे नोड जवळपास सारखंच सांगत असतील, म्हणून दहांचा निरोप एकात बसवता येईल, हे गृहीत. गोदामातल्या तापमानाला ते चालतं. पण रोग, गळती, भेग, धस यांच्याबाबतीत मला हवा असतो तो नेमका बाकीच्यांपेक्षा वेगळं सांगणारा एक नोड. त्याचंच म्हणणं सरासरीत बुडवून आपण ऊर्जा वाचवली म्हणून आनंद मानायचा! आप्पांना मी सरासरीऐवजी सगळ्यात ओला आणि सगळ्यात कोरडा असे दोन आकडे नोडच्या नंबरासह पाठवायला लावले. एका बिटाचीही नवी विद्या त्यात नव्हती.

हे बोलणारा मी पहिला नाही. आयआयटी मुंबईतले भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००८ सालीच ‘सेन्सर नेटवर्क्स’ या अख्ख्या शाखेवर परखड टीका लिहिली होती. तिचा रोख असा की पेपरांचा ढीग वाढतोय, जमिनीवरचे वापर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि जिथे वापर झाला तिथे या कागदी गुंतागुंतीची फारशी गरज पडलेली नाही. टीका करायचा त्यांना अधिकार होता, कारण रेल्वेच्या पुलांवर नजर ठेवणारी ब्रिमॉन नावाची व्यवस्था त्यांनी सहकाऱ्यांबरोबर स्वतः उभी केली होती. ती मला भयंकर आवडते. पुलावरचे नोड एरवी झोपलेले. गाडी येतेय याची चाहूल लागली की जागे होतात, पुलाची थरथर मोजतात आणि माहिती पाठवतात कुठे, तर येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतच. मोजायचं कधी आणि निरोप न्यायला कोण आहे हे पुलाकडे बघून ठरवलेलं. लांबवर ओरडायचा प्रश्नच मुळात काढून टाकला.

केरळात मुन्नारजवळ अँथोनियार कॉलनी आहे. २००५ च्या जुलैत तिथे दरड कोसळली होती. अमृता विद्यापीठाच्या मनीषा रमेश आणि त्यांच्या चमूनं पुढे त्याच उतारावर सेन्सरांचं जाळं बसवलं. जमिनीत खोल भोकं पाडून पाण्याचा दाब, कल, कंप मोजणारी यंत्रं पुरली. ही रचना दोन थरांची आहे : खालचे नोड मोजून वरच्यांना देतात, वरचे एकत्र करून गेटवेला देतात. तिथून माहिती उपग्रहाच्या दुव्यानं विद्यापीठात जाते. हे क्लस्टरिंगच की! पण प्रमुख कोण हे उताराच्या आकारावरून, माती कुठे काय आहे त्यावरून आणि रेडिओ कुठून कुठे पोचतो त्यावरून ठरलेलं. आणि ऊर्जा वाचवायची मुख्य युक्ती अशी की पाऊस नसताना सावकाश मोजायचं, पाऊस वाढला की भराभर. धोका कधी असतो हे माहीत असलेल्या माणसालाच ही युक्ती सुचते.

इक्वेडोरमध्ये रेव्हेंटाडोर ज्वालामुखीवर २००५ मध्ये सोळा नोड एकोणीस दिवस लावले होते. जळत्या डोंगरावरचे नोड बऱ्यापैकी टिकले. वारंवार दगा दिला तो पायथ्याच्या केंद्रातल्या विजेनं. आपल्याकडे हे कुणाला नव्यानं सांगायला नको.

आता एक रास्त आक्षेप. माझ्याकडे येणारा एक तरुण प्राध्यापक म्हणतो, ‘काका, तुम्ही जुनं उगाळताय. लोरा आल्यापासून क्लस्टरिंग लागतंच कुणाला?’ त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. लोरा हा कमी वेगाचा, लांब पल्ल्याचा रेडिओ. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे, त्यात तो चालतो. मोकळ्या रानात काही किलोमीटर सहज जातो. नोड उठतो, एक छोटा निरोप थेट गेटवेला टाकतो, उत्तरासाठी क्षणभर कान देतो आणि झोपतो. ना प्रमुख, ना सभासद. आप्पांच्या बागेला मी आता तेच सुचवलंय : फार्महाउसवर एक गेटवे, घरच्या विजेवर आणि इन्व्हर्टरवर. सपाट शेतीत शंभरातल्या नव्वद कामांना हे पुरेल, आणि त्या नव्वद कामांसाठी लीचचा पंचविसावा अवतार लिहिणं बंद झालं तर कुणाचंही नुकसान नाही.

उरलेली दहा कामं डोंगरातली. तिथे उताराच्या पोटात, घळीत, कड्याच्या आड लोराचाही आवाज पोचत नाही. एकानं दुसऱ्याचं ऐकून पुढे सांगावंच लागतं. आणि तिथे तारखा बघा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण : ३० जुलै २०१४. महाडजवळचं तळीये : २२ जुलै २०२१. खालापूरची इर्शाळवाडी : १९ जुलै २०२३ ची रात्र. अँथोनियार कॉलनीही जुलैचीच. माळीणमध्ये दीडशेच्या आसपास माणसं गेली, आणि गाव दिसत नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या ड्रायव्हरला.

जुलै म्हणजे सह्याद्रीत सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही. ‘सोलर लावू की’ हे पोरांचं ठरलेलं उत्तर नेमकं तेव्हा लंगडं पडतं. पॅनेलवर शेवाळ, आकाशात ढग आणि नोडाला नेहमीपेक्षा दहापट जास्त वेळा मोजून बोलायचंय. म्हणजे ऊर्जेचा प्रश्न खऱ्या अर्थानं वर्षातून याच सहा-सात आठवड्यांत उभा राहतो. कुणी किती वेळ जागं राहायचं, कुणाच्या सेलात जीव आहे, कुणाचा निरोप पुढे न्यायचा, प्रमुख मेला तर त्याच्या गटाचं काय : लीचपासूनचे सगळे प्रश्न इथे जिवंत होतात. मॅटलॅबमध्ये ते मुडद्यासारखे पडलेले असतात.

आता कॉलेजचं कॅलेंडर. विषय जुलै-ऑगस्टमध्ये ठरतो, तेव्हा हातात काहीच नसतं. सामान संक्रांतीनंतर घेतलं जातं. डेमो एप्रिलमध्ये, एअर कंडिशनर लावलेल्या लॅबमध्ये. मेमध्ये सबमिशन. जूनचा पहिला पाऊस पडतो तेव्हा बोर्ड कुणाच्या तरी कॉटखाली असतात आणि मालक बेंगळुरूला रुजू झालेला असतो. पावसाळा हा या विषयाचा परीक्षक, आणि त्याला आपण व्हायव्हाला बोलावतच नाही.

पावसाळा काय विचारतो ते सांगतो, कारण परत आलेले डबे मीच उघडतो. डब्याला केबल ग्लँड लावली, पण केबल वरून आत आणली, त्यामुळे पाणी केबलवरून ओघळत थेट आत. झाकण पक्कं होतं तर रात्रीच्या गारव्यानं आतल्याच हवेचं दव झालं आणि बोर्डावर बसलं. कनेक्टरच्या पिना हिरव्या. डाग कच्चा होता, कथील नुसतं चिकटलं होतं, वाऱ्यानं सुटलं. गुरांनी खांबाला अंग घासलं. वानरांनी अँटेना वाकवली. आणि मुंग्या! सिम्युलेशनमध्ये त्या सगळ्यात जवळचा रस्ता शोधून देतात. डब्यात त्या सेलच्या उबेला अंडी घालतात. यातल्या एकाही कारणासाठी मी आजवर ‘नोड मृत’ अशी रेघ कुठल्या आलेखात पाहिलेली नाही. तिथे नोड नेहमी प्रमुखपदाच्या कष्टानं मरतो.

माझी सूचना साधी आहे आणि तिच्यात माझा धंदाही आहे, लपवत नाही. ज्यांना हा विषय घ्यायचा त्यांनी तो सहाव्या सेमिस्टरला, जानेवारीत घ्यावा. मेअखेर निदान पाच नोड उघड्यावर लागावेत. कॉलेजची गच्ची नको. मुळशी, वेल्हे, भोर, आंबेगाव इथे ओळखीच्या कुणाच्या तरी बांधावर, उतारावर लागावेत. एका नोडला धड डबा, धड सेल आणि लोराचं मॉड्यूल धरून हजार-दीड हजार पडतील. पाच जणांच्या गटाला हे एका ट्रेकच्या खर्चात बसतं. जून ते सप्टेंबर मोजायचं. मग गुण द्यायचे ते नोंदवहीवर : पाठवलेल्या निरोपांपैकी किती पोचले, कुठला नोड कधी गप्प झाला, आणि कशामुळे. मेलेल्या नोडाचं खरं कारण शोधून काढणाऱ्याला चाललेल्या नोडाइतकेच गुण. नाहीतर पोरं नोंदी घरी बसून भरतील, ती कला त्यांना आम्ही फार आधीच शिकवलेली आहे.

त्या चार महिन्यांच्या नोंदी हातात आल्यावर हवं तर देवमासा लावा. खऱ्या उतारावर, खऱ्या पावसात कुठला दुवा किती वेळ तुटतो हे माहीत असलेलं सिम्युलेशन आणि रिकाम्या चौकोनात शंभर ठिपके उधळून केलेलं सिम्युलेशन यांत फरक पडेल. हे मी पैजेवर सांगतो.

या पोरांच्या डब्यांच्या भरवशावर एखादी वाडी निवांत झोपवा, असं मी मुळीच म्हणत नाही. दरड ओळखणं हे भूगर्भवाल्यांचं काम, गाव हलवणं प्रशासनाचं. पण उद्या सरकारनं एखाद्या उतारावर खरंच असं जाळं बसवायचं ठरवलं, तर ते जुलैत चालतं ठेवायला माणसं लागतील. दोरीला धरून चिखलात चढून सेल बदलणारी, आणि चढायच्या आधीच कुठला नोड कशानं गप्प आहे याचा अंदाज बांधणारी. अशी माणसं एप्रिलच्या डेमोतून तयार होत नाहीत.

प्राध्यापकांची अडचण मला कळते. त्यांना पेपर मोजून बढती मिळते, आणि पावसात भिजलेल्या पाच नोडांचा पेपर छापणारं मासिक शोधणं अवघड. पोरांना सातव्या सेमिस्टरला प्लेसमेंटची घाई. पण मुलाखतीत ‘तुमचा प्रोजेक्ट चालला का?’ या प्रश्नाला ‘तिसरा नोड अकरा ऑगस्टला गेला, कारण रेग्युलेटर’ असं उत्तर देणारा उमेदवार कुठली कंपनी सोडेल? अभ्यासमंडळाला यासाठी नवा विषय नको, नवी लॅब नको. मूल्यमापनाची तारीख एप्रिलमधून ऑक्टोबरात न्यावी लागेल, आणि गुणांच्या तक्त्यात ‘किती दिवस चालला’ असा एक रकाना वाढवावा लागेल.